रानातनं निघालेला मुराळी

नाय व्याही, नाय! मुद्दाम नाय केलं मी! गावदेवीच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, मुद्दाम नाय! काशा तापट हाय, आडमुठा हाय, तोंडाचा फाटका हाय. हाय ना! कोण नाय म्हणतं? पण पोरीच्या मायेवर थुंकंल असा नाय काशा. येवढं आयका, नि मंग काय शिव्या घालायच्या त्या घाला...

बघा. असं बोलायचं हुतं मला त्याला. सकाळधरनं बोलतोय, पण भिंतीसंगं. फोन कोण उचलत नाय ना! व्याही उचलत नाय. जावई उचलत नाय. नि माझी स्वताची पोर, वैजू, ती तर पुरता वाजू पण देत नाय. टुक् करून कट.

मंग आता तुमीच आयका. बसा सगळे, हितं रघ्याच्या टेंपोच्या सावलीला बसा. रघ्या, चहा टाक, नि साखरेला हात आखडू नको, तोंड कडू झालंय माझं. काय म्हणता, काशानं परत घोळ घातला? आरं, घोळ म्हणजे आपला बैल दुसऱ्याच्या शेतात जातो, तो घोळ. मी जे करून बसलोय त्याला अजून नावच नाय.

मुळापासनं सांगतो.

दोन वर्सामागं चैत्रात, जत्रेच्या आधी, मी वैजूला आणाया गेलो हुतो. आपल्यात पद्धतच हाय, लग्न झालेली पोर जत्रेला अशी उठून येत नाय. माहेरचा माणूस न्यायला जायाला लागतो. मुराळी. मुराळी गेला की सासरचे त्याला जेवू घालणार, पोरीची ओटी भरणार, नि मंग ती त्याच्या मागनं निघणार. मुराळी नाय, तर पोर नाय. मला पोरगा नाय, भाऊ नाय, म्हणजे मुराळी कोण? मीच.

आता व्याह्याची वाडी लोधिवलीच्या आतल्या अंगाला. चौक गाव सोडून पुढं गेलं की एक फाटा हाय म्हणं. म्हणं! मला काय तो घावला नाय. लग्नाच्या टायमाला तिथं वड हुता, वडाखाली पंक्चरवाला हुता. आता वड नाय, पंक्चरवाला नाय, जिकडं बघावं तिकडं बिल्डिंगच्या पाट्या, नि पाटीवर हसणारी नवरा-बायको. मी आपला मोटारसायकल हाणतोय. पनवेलच्या अंगाला लांब गेलो. परत फिरलो, तर चौक! परत फिरलो, तर परत पनवेल! बाराचं जेवण, मी साडेतीनला टेकलो.

इचारायचं नाय का कोणाला? हां, रघ्या, हेच बायको पण म्हणाली. आरं, पोरीच्या सासरचा रस्ता लोकास्नी इचारायचा? जीव गेला तरी नाय!

पडवीत व्याह्याची सगळी भावकी बसलेली. मी घाम पुसत आत गेलो तर हा म्हणतो,

"या व्याही, या! आमाला वाटलं तुमी पुण्याला पोचलात!"

मनात म्हणलं, पोरीचं सासर हाय. गिळ काशा, गिळ.

पण ह्याला हसणारी माणसं भेटलेली. हा कशाला थांबतो?

"आवो, ज्याला डांबरी रस्त्यावरचा फाटा घावत नाय, त्याच्यासंगं सून कशी धाडू? निघायची माहेरला, नि उतरायची लोणावळ्याला!"

पडवी हसली. एक म्हातारा तर हसून हसून खोकाया लागला. नि माझं टाळकं सरकलं.

"मला वाट शिकवतोस?" म्हणलं. आवो-जावो सगळं गेलं. "माझा बाप ह्या डोंगरातनं डोळं मिटून जायचा! तुझ्या रस्त्याला परत पाय लावीन तर बापाचं नाव नाय सांगणार! येईन तर रानातनं येईन, नायतर येणार नाय!"

नि किक मारली.

वैजू उंबऱ्यात हुभी हुती. डोईवर पदर, हातात पिशवी. लाल पिशवी, चैन तुटलेली, सुतळीनं बांधलेली. मी तिच्याकडं बघितलंच नाय. बघितलं नाय, मंग पिशवी कशी आठवते? ते मला इचारू नका.

त्या वर्साची जत्रा गेली. मागच्या वर्साची पण गेली. पोर आली नाय. मुराळी नाय ना!

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडलीच नाय. ती भाकरीसंगं बोलाया लागली. तव्यावरची भाकरी उलटायची नि तिला म्हणायची, "फुग बाय, फुग. तुला तरी कोण हाय?" दोन वर्सं, बाबांनो! दोन वर्सं मी ज्या भाकऱ्या खाल्ल्या त्या सगळ्या माझ्यावर नाराज हुत्या.

शेवटी ह्या वर्सी गुढीपाडव्याला मी म्हणलं, "जातो."

तिचं तोंड उजळलं. "रस्त्यानं?"

"रानातनं. बोललोय ना मी? मंग रानातनं."

"आवो, त्या वाटेला तुमी जाऊन किती वर्सं झाली?"

"झाली असतील वीसेक."

"वाट तरी ऱ्हायली असंल का?"

"वाट काय दूध हाय नासायला?"

ती मंग भाकरीकडं वळली. पण आत जाऊन तिनं गुपचूप पोरीला फोन लावला, हे मला तवा ठाव नव्हतं. हे ध्यानात ठेवा. ह्याच्यातच सगळा खड्डा हाय.

कर्जतच्या बाजारातनं एक सॅक आणली. ती शहरातली पोरं रविवारी पाठीवर घेऊन डोंगरात येतात ना, तसली. चौदा चैनी तिला! कुठल्या चैनीत काय टाकलं ते शेवटपतूर कळलं नाय. काडेपेटी गेली ती गेलीच. आत भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे, पाण्याच्या बाटल्या, चादर, व्याहीणबाईला लुगडं. नि वरनं कोंबडा.

हसू नको रं! मुराळ्यानं रिकाम्या हातानं जायचं असतं व्हय? आमचा तुरेवाला, दोन किलोला कमी नाय. त्याला सॅकमदी बसवला नि मुंडी बाहेर काढली. म्हणलं, व्याह्याच्या पुढ्यात आपटीन नि सांगीन, हा कापा नि तोंड बंद ठेवा.

परवा सकाळी उजाडताना निघालो. मी नि कोंबडा.

तर वाडीच्या वरच्या अंगाला पयलाच धक्का. आमची जुनी वाट जिथनं डोंगराला लागते, तिथं फारमहाऊसचं कंपाऊंड! कळंबच्या अंगाला रिसॉर्टवाल्यांनी जे केलं तेच आता आमच्या बोडक्यावर. गेटवर वॉचमन.

"अंकल, बुकिंग है?"

"कसलं बुकिंग? ही वाट माझ्या आज्याची हाय!"

"आज्जा कौनसे रूम में है?"

आता ह्याला आज्या मसणात हाय म्हणून सांगू? कमरंच्या कोयत्याला हात गेला हुता, पण म्हणलं काशा, तू मुराळी हायस. मुराळ्यानं पयल्याच फर्लांगाला पोलीस ठाण्यात जायचं नसतं. तारंच्या कडंनं येढा घालून वर चढलो. मागनं तो वरडतोय, "अंकल, मुर्गा अलाव नहीं है!"

वर मात्र रान लागलं. खरं सांगू? वीस वर्सं गेलो नाय ह्याचं वाईट वाटलं. खाली आपण पत्रं नि कंपाऊंड बघून मेलोय. वर सगळं रान वाळून करडं झालेलं, पानगळ गुडघ्यापतूर, नि मधीच पळस पेटलेला. तांबडा भडक. सावरीची तांबडी फुलं वाटेवर पडलेली. मव्हाचा वास असा, की न पिता माणूस डुलंल. करवंदं अजून हिरवी, तोंडात टाकली तर डोळं मिटले. बाप आठवला. बाप खरंच डोळं मिटून जायचा ह्या वाटेनं. मी डोळं फाडून बघत हुतो नि तरी तीनदा ठेचकाळलो.

कोंबडा मधीच कॉक् करायचा. मी म्हणायचो, "गप. आलंच."

खिंडीत पोचलो तवा ऊन कललं हुतं. तिथं शेंदूर फासलेला दगड हाय, रानातला देव. येणारा-जाणारा त्याला पाला वाहतो. मी पण एक डहाळी ठेवली. म्हणलं, बाबा, पोर माझ्यासंगं येऊ दे, दुसरं काय मागत नाय. नि मान वर केली तर काय!

समोर ऐनाच्या झाडाला हिरवी चिंधी!

आता तुमी सांगा, रानात झाडाला चिंधी दिसली तर तुमाला काय वाटंल? ट्रेकवाले! दुसरं कोण? रविवारी पन्नास-साठ येणार, मागच्याला वाट कळावी म्हणून झाडाझाडाला रिबिनी बांधणार, नि जाताना तशाच टाकून जाणार. मागच्या पावसाळ्यात आमच्या गोठ्याच्या खांबाला बांधली हुती, म्हशीनं अर्धी गिळली. तवापासनं झाडाला रिबीन दिसली की मला दम निघत नाय.

सोडली. पुढं वीस पावलांवर दुसरी. ती पण सोडली. तिसरी. चवथी. गाठी अशा आवळलेल्या की दातानं सोडाया लागल्या. नि एकेक गाठ सोडताना तोंड चालूच.

"कोण रं हा? रान काय तुझ्या लग्नाचा मांडव हाय? ज्यानं बांधली त्याच्या बापाला अक्कल नव्हती काय? बापानं काय शिकवलं नाय? बाप मेला हुता काय तुझा?"

असं दीड तास! झाड आलं की चिंधी, चिंधी आली की त्याचा बाप. सॅक भरली. वाया कशाला जाऊ द्या म्हणून एकीनं चपलेचा तुटलेला पट्टा बांधला. एकीनं डबक्यातलं पाणी गाळून प्यालो. नि कोंबडा लय फडफडाया लागला म्हणून एक काठवाली लांब चिंधी त्याच्या तंगड्यांना आवळली.

उतार लागला. खाली लांब, झाडांच्या फटीतनं कुठंतरी धूर दिसत हुता. म्हणजे वाट बरोबर हुती! अशीच गेलो असतो तर दिवस बुडायच्या आत व्याह्याच्या दारात.

पण काशाच तो! डोक्यात किडा वळवळला. म्हणलं, काशा, तू ट्रेकवाल्यांच्या रिबिनीमागनं चाललायस! उद्या व्याह्याला कळलं तर पडवीत काय सांगंल? "आमचे व्याही रानातनं आले खरं, पण शहरातल्या पोरांनी रिबिनी लावल्या तवा आले!" परत तो म्हातारा खोकणार.

नाय. रिबिनीनं जाणार नाय. बापाच्या वाटेनं जाणार!

तर पुढची चिंधी डावीकडं उतरत हुती, म्हणून मी उजवीकडं वळलो.

बस्. तिथनं पुढं वाट नाय, वाटंचं पिल्लू नाय. करवंदीच्या जाळ्या, वणव्यानं जळलेली टेपाडं, मधीच कडा. माघारी फिरावं म्हणलं, तर माघारी कशाच्या खुणंनं फिरणार? खुणा सगळ्या माझ्या सॅकमदी! ज्या फांदीवर बसलो ती तोडणारा येडा आपण गोष्टीत आयकलाय, पण ती फांदी तोडून, मोळी बांधून, पाठीवर घेऊन फिरणारा मीच पयला.

मोबाईल काढला. रेंज नाय. अंधार पडला नि एका खडकाच्या कपारीत पडलो. रात कशी काढली ते इचारू नका. भाकरी काढली, तिच्यासंगं दोन शब्द बोललो. बायकोची सवय लागली मला.

काल पहाटं कोंबडा आरवला. सवयीनं आरवला बिचारा, पाय बांधलेले तरी. नि काय सांगू! खालनं, लांबनं, दुसरा कोंबडा आरवला! परत हा. परत तो. मंग तिसरा.

मी टुणकन उठलो. वाडी! खाली वाडी हाय! म्हणलं, शाब्बास रं तुरेवाल्या, व्याह्याच्या कोंबड्यांसंगं आत्ताच सोयरीक जुळवलीस! तो आरवंल तिकडं कान लावून उतरत गेलो. अंगावर खरचटलं, सदरा फाटला, पण उतरलो. आठ वाजता रान संपलं. खाली निळ्या पत्र्याचं एक घर, मागं गोठा, गोठ्याच्या बाजूला उकिरडा.

म्हणलं, व्याह्यानं नवा पत्रा घातलाय वाटतं. कसली मिजास!

उकिरड्याच्या बांधावर हुभा ऱ्हायलो. टोपी झटकून घातली. मिशीवर हात फिरवला. कोंबडा बगलंत धरला. नि ठेवणीतला आवाज लावला,

"ओ व्याही! या बाहेर! बघा कोण आलंय! फाटा घावत नाय म्हणालात ना? बघा, रानातनं आलो! मर्दासारखा आलो! पोरगी न्यायला आलो! काढा माणसं बाहेर!"

आत भांडं वाजलं. मागचं दार उघडलं.

नि बाहेर कोण आलं? शेणानं भरलेले हात घेऊन माझी बायको!

काय हसताय रं? हसा. आरं, आपलं घर आपण कवा मागनं बघितलंय? डोंगरावरनं कवा बघितलंय? नि पत्रा? पत्रा मीच घातला, दिवाळीत! अंधारात चढ-उतार करता करता डोंगराची धार परत ओलांडून त्याच फारमहाऊसच्या मागनं उतरलो हुतो मी. तुरेवाला आपल्याच खुराड्यातल्या कोंबड्यांना ओ देत हुता. त्याला घर कळलं. मला नाय कळलं.

मला वाटलं ती हसंल. निदान शिव्या तरी देईल. पण तिचे डोळं सुजलेले. रातभर झोपली नव्हती. ती पुढं आली, नि दोन वर्सांत पयल्यांदा माझ्यासंगं भांडली.

"वर जाऊन माघारी फिरलात. नि आता माझ्या दारात येऊन सोंग करताय?"

"माघारी कोण फिरलं? वाट चुकलो!"

"मंग चिंध्या का सोडल्यात?"

मी म्हणलं, चिंध्यांचं हिला कसं ठाव? नि तेवढ्यात कोंबडा बगलेतनं उडी मारून खाली पडला. तिनं वाकून त्याची तंगडी धरली. चिंधीचा काठ बोटानं उलगडला. काठावर बारीक आंबे हुते, जरीचे.

"ही वैजूची मांडवातली साडी हाय," ती म्हणाली. "तुमीच आणली हुती ना कर्जतवरनं?"

मीच आणली हुती. दुकानदारासंगं अर्धा दिवस भांडलो हुतो, रंग गेला तर दुकान पेटवीन म्हणलं हुतं. बघा कसं असतं! भांडण सगळं आठवतं. साडी नाय आठवली.

मंग तिनं सांगितलं. पाडव्याला हिनं फोन केला, बाप रानातनं येतोय म्हणून. पोरीला वाटलं, बापाला वाट घावणार नाय. पण तसं सांगितलं तर बाप येणारच नाय. तिला काय मी ठाव नाय? मंग तिनं ठरवलं, वाटेला खुणा करायच्या नि बापाला बोलायचंच नाय. आदल्या दिवशी ती नि जावई खिंडीपतूर चढले. नि व्याही! गुडघं धरून चालतो तो, साठी उलटलेला माणूस, तो पण चढला. म्हणाला, जुनी वाट मला ठाव हाय, पोरांनो, तुमी चुकाल.

नि चिंधी हिरवीच का? लाल पिशवी फाडणार हुती म्हणं आधी. मंग तीच म्हणाली, रान पळसानं तांबडं झालंय, बाबांना तांबडं दिसणार नाय. हिरवंच पायजे. घरात हिरवं येकच हुतं.

परवा दुपारपासनं ती डोंगराच्या पायथ्याला बसली हुती. पिशवी घेऊन. व्याह्यानं मटण टाकलं हुतं मुराळ्याला. दिवस बुडला, मी आलो नाय. मंग जावई नि व्याही बॅटऱ्या घेऊन वर आले मला हुडकाया. खालच्या चिंध्या तशाच. नि वरच्या? खिंडीपासनं अर्ध्या उतारापतूर एक नाय! गाठी सोडून नेलेल्या.

आता ह्याच्यातनं माणूस काय समजंल? वाघानं खाल्लं? वाघ गाठी सोडतो? ते समजले, काशा हितवर आला, पोरीची साडी बघितली, खूण बघितली, नि "मला वाट दाखवता?" म्हणून सगळ्या सोडून, घेऊन, माघारी गेला.

नि मला जो वळखतो त्याला ते पटतं! हेच तर दुखतंय. खोटं असलं तरी मला शोभतं. बायकोला पटलं, व्याह्याला पटलं. रघ्या, तुला पण पटलं असतं. खरं सांग.

पोर रातीच आईला फोनवर येवढंच म्हणाली, "आई, आता मुराळी नको धाडू. कदीच नको."

मी सॅक उपडी केली. पडवीत चिंध्यांचा ढीग पडला. बायको एकेक उचलून सरळ करत बसली. नि मी बघत बसलो. दीड तास, बाबांनो! दीड तास मी प्रत्येक गाठीला बांधणारीच्या बापाला शिव्या दिल्या. बापाला अक्कल नाय. बापानं काय शिकवलं नाय. जन्मात पयल्यांदा माझ्या शिव्या बरोबर पत्त्यावर गेल्या.

कालपासनं फोन लावतोय. उद्या गावदेवीची पालखी. दारात रांगोळ्या पडतील, सगळ्यांच्या पोरी आल्यात. तुझी पण आलीय रघ्या, बघितली मी, पोरगं काखोटीला घेऊन पाणी भरत हुती. बरं वाटलं. नाय, खोटं कशाला बोलू, नाय वाटलं बरं.

काय म्हणतोस? पाय रस्त्याला लावायचा नाय अशी शपथ हुती, मंग टेंपोत बसलं तर पाय रस्त्याला कुठं लागतो?

आरं गाढवा! हे दोन वर्सामागं नाय सांगायचं?

नको. आता असल्या पळवाटा नको. तू फाट्यावर थांब, मी खाली उतरतो. चपला हातात घेतो, नि त्या डांबरावरनं त्याच्या दारापतूर चालत जातो. व्याह्याला हसायचं तर हसू दे. त्या म्हाताऱ्याला खोकू दे. बापाचं नाव? बाप माझा वाट चुकलेल्या माणसाला वाट दाखवायचा. तो नाय रागवणार.

चिंध्या बायकोनं धुतल्यात. ह्या बघा पिशवीत. रंग गेला नाय, दुकानदार खरा निघाला. कोंबडा पण घेतलाय. ह्या खेपंला मुंडी बाहेर नाय ठेवली, नायतर परत आपल्याच घराकडं वळवंल.

आता येकच अडचण हाय. कोणाला बोलायचं नाय. तो फाटा मला अजून घावत नाय. तू इचार कोणाला. रस्त्यात धा माणसं दिसली तर धाही जणांना इचार, मी शेजारी बसून आयकीन, येक शब्द बोलणार नाय.

बघतोस काय? चहा ऱ्हाऊ दे. ऊठ. टेंपो काढ.